लंडन ते मुंबई, सात दिवस

नागपूरहून अमरावती, अकोला, जळगाव करत पश्चिमेला गेलेला रस्ता धुळ्याला आग्रा रोडला मिळतो. विदर्भातून मोटारीने मुंबई गाठणाऱ्यांच्या कित्येक पिढ्यांना हा तिठा पाठ आहे. इथून पुढे मालेगाव, नाशिक, कसारा घाट, मग शहापूर, भिवंडी आणि ठाणे. या रस्त्यावर मालट्रक, एस.टी. आणि बैलगाड्या यांचंच राज्य होतं, तेव्हाची ही गोष्ट आहे. १९६८ च्या नोव्हेंबरचा शेवटचा आणि डिसेंबरचा पहिला दिवस, एवढ्या वेळात याच रस्त्यावरून धुळीने माखलेल्या परदेशी मोटारी एकामागून एक मुंबईच्या दिशेने गेल्या. त्यांच्या दारांवर मोठाले आकडे रंगवलेले होते आणि पुढच्या बाजूला जादा दिव्यांच्या रांगा बसवलेल्या होत्या. आतले चालक आठवडाभर धड झोपलेले नव्हते. सात दिवसांपूर्वी त्या मोटारी लंडनमध्ये उभ्या होत्या आणि त्यांना सिडनीला जायचं होतं.

‘लंडन-सिडनी मॅरेथॉन’ या नावाने ओळखली गेलेली ही शर्यत मोटार-शर्यतींच्या इतिहासात खूप लिहिली गेली आहे. त्या लेखनात मुंबईच्या वाट्याला बहुधा एखादं वाक्य येतं, गाड्या जहाजावर चढल्या एवढंच. मला मात्र मुंबई हाच या शर्यतीचा सांधा वाटतो. तिचे दोन भाग इथे जोडले गेले म्हणून तर खरंच, पण ज्या कारणासाठी ती घडवली गेली त्याचं पुढे काय झालं, हेही युरोपपेक्षा आशियाच्या या टापूतून पाहिलं की जास्त नीट दिसतं.

सुरुवात पैशापासून होते. १८ नोव्हेंबर १९६७ ला ब्रिटनच्या हॅरॉल्ड विल्सन सरकारने पौंडाचं अवमूल्यन केलं. २.८० डॉलरला मिळणारा पौंड २.४० डॉलरवर आला. आपल्याकडे त्याआधी जून १९६६ मध्ये रुपयाचं अवमूल्यन झालं होतं आणि डॉलर पावणेपाच रुपयांवरून साडेसात रुपयांवर गेला होता, त्यामुळे असा निर्णय लोकांच्या मनाला कसा लागतो हे भारतीयांना नव्याने सांगायला नको. ब्रिटनमध्ये तर साम्राज्य हातातून गेल्याची जखम अजून ओली होती. कारखान्यांत संप चालू होते, निर्यात घटत होती, आणि एके काळी जगाला मोटारी पुरवणारा देश आता जर्मन आणि जपानी मोटारींकडे धास्तीने पाहू लागला होता.

अशा उदास दिवसांत ‘डेली एक्सप्रेस’ या दैनिकाचे मालक सर मॅक्स एटकेन आणि त्यांचे सहकारी जोसलिन स्टीव्हन्स व टॉमी सॉपविथ हे तिघे जेवायला बसले आणि गप्पांमधून एक कल्पना निघाली. लंडनहून थेट सिडनीपर्यंत मोटारींची शर्यत लावायची. लोकांना उभारी येईल, ब्रिटिश मोटारी जगातले सगळ्यात वाईट रस्ते पार करून दाखवतील, आणि वाटेवरच्या देशांत त्यांची मागणी वाढेल. पहिलं बक्षीस ठरलं दहा हजार पौंडांचं. ऑस्ट्रेलियात सर फ्रँक पॅकर यांच्या ‘डेली टेलिग्राफ’ने साथ दिली. म्हणजे ही शर्यत वर्तमानपत्रांनी जन्माला घातली, आणि तिच्याकडून मोटारविक्रीची अपेक्षा पहिल्या दिवसापासून होती.

मार्ग आखताना नकाशातच एक अडचण होती. आशियाच्या टोकाला रस्ता संपतो आणि पुढे समुद्र आहे. ब्रह्मदेशातून जमिनीवरून पुढे जाण्याची सोय नव्हती, त्यामुळे गाड्या कुठेतरी जहाजावर चढवाव्याच लागणार होत्या. ते बंदर मुंबई ठरलं. पी अँड ओ कंपनीचं ‘चुसान’ हे प्रवासी जहाज मुंबईहून ऑस्ट्रेलियाच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या फ्रीमँटलला जाणार होतं. त्यात साधारण सत्तर मोटारी मावत होत्या. ही एक मर्यादा साऱ्या शर्यतीवर टांगलेली होती. निघणाऱ्या गाड्या शंभराच्या घरात होत्या, म्हणजे लंडन ते मुंबई हा टप्पा काही अंशी गाळणीचं काम करणार होता. निदान पंचवीस-तीस गाड्या मुंबईच्या आतच बाद होतील, असा हिशेब आयोजकांनी धरला होता. पुढे जे घडलं ते या हिशेबाच्या फार जवळचं निघालं.

गुण मोजण्याची पद्धत सोपी होती. प्रत्येक टप्प्याला वेळ नेमून दिलेली. नाक्यावर पोहोचायला जितकी मिनिटं उशीर, तितके दंडगुण. ज्याचा दंड सगळ्यात कमी तो विजेता. रस्ते बंद केलेले नव्हते. रोजच्या रहदारीतून, माणसांमधून आणि गुरांमधून वाट काढतच ही वेळ गाठायची होती.

२४ नोव्हेंबर १९६८, रविवार. लंडनच्या क्रिस्टल पॅलेस मैदानातून ९८ गाड्या निघाल्या. अशी सरमिसळ पुन्हा क्वचितच एका शर्यतीत जमली असेल. ब्रिटिश फोर्डच्या लोटस कॉर्टिना होत्या, ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशनच्या, म्हणजे बी.एम.सी.च्या, जाडजूड ऑस्टिन १८०० होत्या, फ्रान्सच्या सित्रोएं डी.एस. २१ होत्या. ऑस्ट्रेलियाहून आलेल्या फोर्ड फाल्कन आणि होल्डन होत्या. सोव्हिएत रशियाने चार मॉस्कविच धाडल्या होत्या. पोलंडचा सोबिएस्लाव झासादा पोर्शे घेऊन आला होता. १९३० सालची एक अवाढव्य बेंटलीही रांगेत होती, जिला तुर्कस्तानच्या पुढे जाता आलं नाही. फॉर्म्युला वनची शर्यत जिंकलेला इनेस आयर्लंड मर्सिडीजमध्ये बसला होता. फक्त स्त्रियांची पथकंही होती. त्यातली आयर्लंडची रोझमेरी स्मिथ त्या काळी युरोपातल्या नामांकित रॅलीचालकांपैकी एक होती.

या गर्दीत भारताचंही एक पथक होतं. मुंबईचे डॉ. बोम्सी वाडिया, तारमास्टर आणि काका या दोन साथीदारांसह हिंदुस्तान अँबेसडर घेऊन शर्यतीत उतरले होते. आज अँबेसडर म्हटलं की जुन्या टॅक्सी आणि मंत्र्यांचे ताफे आठवतात. १९६८ मध्ये मात्र तिचा मूळ आराखडा, म्हणजे मॉरिस ऑक्सफर्डची तिसरी आवृत्ती, ब्रिटनमध्ये केव्हाच मोडीत निघाला होता. बी.एम.सी.चे कारखानी संघ ज्या नव्या १८०० घेऊन आले होते, त्याच घराण्याची एक मागची पिढी ही तीन पारशी माणसं चालवत होती. मोठ्या संघांचे मेकॅनिक सुटे भाग घेऊन विमानाने पुढच्या नाक्यावर जाऊन थांबत. अशी फौज पाठीशी नसताना त्या गाडीने त्या रांगेत उभं राहणं, याचं मोल मला निकालापेक्षा मोठं वाटतं.

युरोप ओलांडणं म्हणजे केवळ प्रस्तावना होती. डोव्हरहून कॅले, मग पॅरिस, तुरीन, बेलग्रेड आणि इस्तंबूल. बॉस्फरसवर तेव्हा पूल नव्हता, तो १९७३ मध्ये झाला. गाड्या तरीतून आशियात उतरल्या. खरी परीक्षा तुर्कस्तानच्या आत, सिवास ते एर्झिंजान या टप्प्यावर झाली. सुमारे २७० किलोमीटरचा डोंगराळ, चिखलाचा, दगडधोंड्यांचा रस्ता आणि वेळ पावणेतीन तास. इंग्लंडच्या रॉजर क्लार्कने आपली लोटस कॉर्टिना तिथून ताशी जवळजवळ ९५ किलोमीटरच्या सरासरीने काढली. त्या वाटेची अवस्था पाहता हा वेग कल्पनेपलीकडचा होता. क्लार्क आघाडीवर गेला आणि मुंबईपर्यंत त्याला कुणी मागे टाकू शकलं नाही.

तेहरानपासून काबूलपर्यंतचा पल्ला लांबचा आणि कंटाळवाणा. काबूलला सगळ्यांना सक्तीची विश्रांती होती आणि तिथून सारोबीपर्यंत जायचं होतं लताबंद खिंडीच्या जुन्या वाटेने. नदीच्या घळीतून नवा पक्का रस्ता झाल्यापासून ही वाट ओस पडली होती. आयोजकांनी ती मुद्दाम निवडली आणि वेळ दिला एक तास. वळणावळणावर खोल दरी, आणि पुढच्या गाडीने उडवलेली धूळ खाली बसायच्या आत मागची गाडी तिच्यात शिरायची. इथेही क्लार्क टिकला. पुढे खैबर खिंडीत रोझमेरी स्मिथच्या गाडीच्या इंजिनाने दगा दिला. सरळ चढ चढण्याइतकी ताकद गाडीत उरली नव्हती, तेव्हा तिने गाडी उलटी फिरवली आणि रिव्हर्स गिअरमध्ये खिंड चढली. ही गोष्ट तिने पुढे आयुष्यभर सांगितली, आणि आजही या शर्यतीचा विषय निघाला की ती निघतेच.

पेशावर, लाहोर आणि मग पंजाबातली सीमा. १९६५ च्या युद्धाला जेमतेम तीन वर्षं झाली होती. ताश्कंद करारानंतर सीमा उघडी होती खरी, पण दोन्ही बाजूंचा संशय काही ओसरला नव्हता. तरीही जवळजवळ सगळ्या जगाच्या नंबरप्लेटा लावलेल्या या गाड्या एकापाठोपाठ एक पार झाल्या. आजचा नकाशा डोळ्यांपुढे ठेवून हा मार्ग वाचला की १९६८ चं जग किती मोकळं होतं ते कळतं. तुर्कस्तान, इराण, अफगाणिस्तान, पाकिस्तान, भारत. एक माणूस स्वतःच्या मोटारीने सात दिवसांत हे पाचही देश ओलांडू शकत होता.

दिल्लीहून मुंबईपर्यंत जवळजवळ चौदाशे किलोमीटरचा टप्पा होता आणि त्याला वेळ दिलेला होता सुमारे तेवीस तास. कागदावर हे सोपं दिसतं. आग्रा, ग्वाल्हेर, शिवपुरी, गुना, इंदूर, मग सेंधव्याचा घाट उतरून तापीचं खोरं, शिरपूर आणि धुळे. या रस्त्यावर मोटारी पहिल्यांदाच धावत होत्या असं नाही. १९०४ च्या अखेरीस, मोटारगाडी हीच नवलाई होती त्या काळात, दिल्ली ते मुंबई अशी मोटारींची चाचणी-शर्यत झाली होती आणि संस्थानिकांनी तिच्यात मोठा रस घेतला होता. पण ती हौशी श्रीमंतांची सहल होती. १९६८ ची शर्यत रस्त्याकडेच्या सामान्य माणसाने पाहिली.

आणि त्याने ती फार जवळून पाहिली. भाग घेतलेल्या चालकांनी नंतर जे सांगितलं आणि लिहिलं, त्यात पाकिस्तान आणि भारताबद्दल एक गोष्ट पुन्हा पुन्हा येते, ती म्हणजे गर्दी. गावोगावी हजारो लोक रस्त्यावर उतरले होते. गाडी जेमतेम जाईल एवढीच फट उरायची, आणि लोक गाडीला हात लावून पाहायचे. रस्त्यात बैलगाड्या होत्या, रात्री दिवा न लावता उभे केलेले ट्रक होते, गुरं होती. लताबंदच्या दरीपेक्षा या गर्दीची धास्ती अनेकांनी जास्त घेतली, कारण दरी आपल्या जागी असते आणि माणूस कुठल्याही क्षणी पुढे येतो.

ही गर्दी का जमली, याचं उत्तर चालकांच्या आठवणींत सापडत नाही. ते त्या काळच्या भारतीय बाजारात आहे. १९६८ मध्ये आपल्याकडे मोटार घ्यायची म्हणजे बहुतेकांपुढे तीनच नावं असत: कलकत्त्याजवळच्या उत्तरपाड्याची अँबेसडर, मुंबईत कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यातली फियाट आणि मद्रासची स्टँडर्ड. पैसे भरून वर्षानुवर्षं नंबर लागण्याची वाट पाहायची. परदेशी मोटारींच्या आयातीवर कडक बंधनं होती. सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्सची उभारणी केली, तेव्हा देशी मोटारीचं जे स्वप्न होतं ते परवाने आणि कोट्यांच्या जाळ्यात अडकून पडलं होतं. अशा देशात एका रात्रीत पोर्शे, सित्रोएं, मर्सिडीज, फाल्कन आणि मॉस्कविच गावाच्या वेशीवरून जाणार म्हटल्यावर माणसं घरात बसणार नव्हती. खानदेशातल्या एखाद्या शाळकरी मुलाने सित्रोएं डी.एस.चं ते माशासारखं तोंड पाहिलं असेल, तर त्याच्या डोळ्यांसमोरून मोटारींचं सारं जग एकदम गेलं.

१ डिसेंबरला गाड्या मुंबईत आल्या. ९८ पैकी ७२ उरल्या होत्या. बाकीच्यांपैकी कुणी तुर्कस्तानात, कुणी इराणात, कुणी अफगाणिस्तानात अडकून पडले होते. जहाजावरच्या जागा आणि उरलेल्या गाड्या यांचा मेळ बसला. पहिला होता क्लार्क. त्याच्यामागे बेल्जियमचा गिल्बर्ट स्टापेलेर आणि फिनलंडचा सिमो लाम्पिनेन ही जोडी, जर्मन फोर्डमध्ये. तिसरे लुसियाँ बियांकी आणि जाँ-क्लोद ओजिए, सित्रोएंमध्ये. बियांकीने त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये ल मांची चोवीस तासांची शर्यत जिंकली होती. फ्रान्समधल्या मे महिन्याच्या असंतोषामुळे ती शर्यत जूनऐवजी सप्टेंबरमध्ये झाली होती. त्यानंतर तीन महिन्यांच्या आत तो कसारा घाट उतरून मुंबईत दाखल झाला होता.

पहिल्या पाचांतही नसलेली एक गाडी होती हिलमन हंटर. स्कॉटलंडच्या डन्स गावचा शेतकरी अँड्र्यू कोवन ती चालवत होता आणि ब्रायन कॉयल व कॉलिन माल्किन त्याच्याबरोबर होते. आठ महिन्यांपूर्वी अपघातात गेलेला फॉर्म्युला वनचा जगज्जेता जिम क्लार्क हा याच मुलखातला आणि कोवनचा मित्र. हंटर ही घरगुती, साधीसुधी गाडी. ती बनवणाऱ्या रूट्स कंपनीपाशी फोर्ड किंवा बी.एम.सी.सारखा पैसा नव्हता. तिचे स्पर्धा-व्यवस्थापक डेस ओडेल यांनी गाडी मजबूत करण्यावर भर दिला. वेगात इतरांना हरवायचं नाही, गाडी मोडू न देता शेवटपर्यंत न्यायची, असा त्यांचा बेत होता. मुंबईत हा बेत कुणाच्या नजरेत भरण्यासारखा नव्हता.

पुढचे चार दिवस शर्यत मुंबईत थांबली. ५ डिसेंबरच्या पहाटे तीन वाजता ‘चुसान’ने बंदर सोडलं. आठवडाभर रस्त्यावर एकमेकांना मागे टाकायला धडपडणारी माणसं आता नऊ दिवस एकाच जहाजावर, एकाच जेवणघरात होती. या समुद्रप्रवासाचा शर्यतीवर झालेला परिणाम कमी लेखला जातो. सगळे चालक ताजेतवाने झाले, म्हणजे अनुभवी आणि थकव्याला सरावलेल्या पथकांनी आशियात कमावलेला एक फायदा पुसला गेला. गाड्यांना मात्र विश्रांती घेऊन उपयोग नव्हता. सोळा हजार किलोमीटरपैकी अकरा हजारांची झीज त्यांच्या हाडांत मुरलेली होती, आणि ऑस्ट्रेलियात तीच बाहेर पडणार होती.

१३ डिसेंबरला जहाज फ्रीमँटलला लागलं. १४ तारखेच्या संध्याकाळी पर्थहून गाड्या सुटल्या आणि १७ तारखेला सिडनीत पोहोचायचं होतं. जवळजवळ पाच हजार किलोमीटर आणि वेळ तीन दिवसांहून कमी. रस्ते तांबड्या मातीचे, वाळूचे, ओढ्यांचे. आणि एकेक करून पुढचे कोसळू लागले. रॉजर क्लार्कच्या इंजिनात बिघाड झाला, तेव्हा संघातल्या दुसऱ्या कॉर्टिनाचे भाग काढून त्याला दिले गेले. नंतर त्याचा मागचा आस गेला. रस्त्याकडेला एक माणूस आपली कॉर्टिना घेऊन उभा होता, त्याच्याकडून क्लार्कने तिचा आस मिनतवारीने विकत घेतला आणि तिथेच बसवून घेतला. या खटपटीत सव्वा तासाहून जास्त वेळ गेला आणि मुंबईपर्यंत पहिला असलेला क्लार्क सिडनीत दहावा आला. स्टापेलेर-लाम्पिनेन यांची गाडी एका फाटकाच्या खांबावर आदळली.

आता आघाडी बियांकी आणि ओजिए यांच्याकडे होती. सिडनी दीडशे किलोमीटरच्या आसपास राहिली होती. अवघड टप्पे संपले होते आणि शर्यत जवळजवळ त्यांच्या खिशात होती. नाउराजवळ समोरून एक मिनी मोटार आली. रस्त्याचा तो भाग रहदारीला बंद असायला हवा होता. दोन्ही गाड्यांची समोरासमोर टक्कर झाली. ओजिए गाडी चालवत होता आणि शेजारी बसलेला बियांकी गंभीर जखमी होऊन आत अडकला.

त्यांच्या मागोमाग तिथे पोहोचला पॅडी हॉपकर्क, ऑस्टिन १८०० घेऊन. १९६४ मध्ये मिनी कूपरने माँटे कार्लो रॅली जिंकून तो ब्रिटनचा लाडका झाला होता. ज्यांच्यासाठी ही सारी शर्यत मांडली गेली होती, त्या ब्रिटिश कारखान्यांचा तो सगळ्यात मोठा चालक. थांबलं तर उरलीसुरली संधी जाणार हे त्याला कळत होतं. तो थांबला. त्याने आणि त्याच्या साथीदारांनी गाड्यांना लागलेली आग विझवली आणि जखमींना मदत केली. मागून हंटर आली. गर्दी पाहून कोवनने गाडी हळू केली, तेव्हा मदत पोहोचली आहे, पुढे जा, अशी खूण त्याला मिळाली. तो पुढे गेला.

सिडनीत आकडे लागले. कोवन ५० दंडगुण, हॉपकर्क ५६, आणि ऑस्ट्रेलियन फाल्कन चालवणारा इयन व्हॉन ६२. झासादाची पोर्शे चौथी. सांघिक बक्षीस फाल्कनच्या तीन गाड्यांनी नेलं. रशियाच्या चारही मॉस्कविच शेवटपर्यंत पोहोचल्या. वेगाने त्या मागे होत्या, पण चारांपैकी चार गाड्या पुऱ्या करणं हा त्या शर्यतीतला एक मोठा पराक्रम होता. एकूण ५६ गाड्यांनी शर्यत पूर्ण केली. बियांकी त्या अपघातातून वाचला खरा, पण पुढच्या मार्चमध्ये ल मांच्या सरावात त्याला मृत्यू आला.

वरवर पाहता एटकेन यांना हवं होतं ते सगळं मिळालं. पहिली गाडी ब्रिटिश, दुसरी ब्रिटिश. बारकाईने पाहिलं की चित्र बदलतं. हंटर बनवणारी रूट्स कंपनी १९६७ मध्येच अमेरिकेच्या क्रायस्लरच्या ताब्यात गेली होती. ब्रिटिश अभिमानाचा हा विजय एका अमेरिकी मालकाच्या खात्यात जमा झाला. बी.एम.सी. याच १९६८ मध्ये लेलँडमध्ये विलीन होऊन ब्रिटिश लेलँड झाली आणि सात वर्षांत ती सरकारला ताब्यात घ्यावी लागली. हंटरचं ब्रिटनमधलं उत्पादनही सत्तरच्या दशकात संपलं. एका शर्यतीने उद्योग वाचत नाही. त्या कारखान्यांचं दुखणं जुनी यंत्रं, कामगार आणि व्यवस्थापनातले झगडे आणि न बदललेले आराखडे यांत होतं, आणि त्यावर सिडनीतल्या विजयाचा काही उतारा नव्हता.

पण ज्या देशांना या मोटारी दाखवण्यासाठी शर्यत आखली गेली, तिथे वेगळंच घडलं. हंटरचाच आराखडा घेऊन तेहरानच्या इराण नॅशनल कारखान्याने १९६७ मध्ये ‘पेकान’ ही मोटार काढली होती. म्हणजे कोवनची गाडी तेहरानमधून गेली तेव्हा तिचं इराणी भावंड रस्त्यावर येऊ लागलेलं होतं. पेकान इराणची घराघरातली मोटार झाली. शाह गेले, क्रांती झाली, इराकशी आठ वर्षं युद्ध झालं, तरी ती २००५ पर्यंत बनत राहिली. मॉरिस ऑक्सफर्डची भारतीय वंशज अँबेसडर तर २०१४ मध्ये उत्तरपाड्याचा कारखाना थांबेपर्यंत टिकली. ब्रिटनने टाकून दिलेल्या या दोन मोटारींना मॅरेथॉनच्या वाटेवरच्या दोन देशांनी कित्येक दशकांचं आयुष्य दिलं. त्यामागे रॅलीची जाहिरात नव्हती. संरक्षित बाजार, परदेशी चलनाची टंचाई आणि कुठल्याही गावात दुरुस्त होईल अशी साधी यंत्ररचना ही त्याची कारणं होती. ज्या गुणावर हंटर सिडनीत जिंकली, तोच गुण इस्फहान आणि अमरावतीच्या गॅरेजवाल्यांनी वर्षानुवर्षं पारखला.

रस्त्याचं काय झालं तेही या हिशेबात धरलं पाहिजे. सुएझ कालवा १९६७ च्या युद्धापासून बंद होता आणि विमानप्रवास स्वस्त होऊ लागला होता. मॅरेथॉननंतर एक-दोन वर्षांत पी अँड ओच्या प्रवासी जहाजांचं मुंबईशी असलेलं शतकाहून जुनं नातं संपलं आणि १९७३ मध्ये ‘चुसान’ भंगारात गेलं. १९७७ मध्ये लंडन-सिडनी शर्यत पुन्हा झाली. या वेळी गाड्या भारत ओलांडून मद्रासपर्यंत गेल्या आणि तिथून जहाजाने पेनांगला. पुन्हा कोवनच जिंकला, पण या खेपेला मर्सिडीजमध्ये. ब्रिटिश मोटारीचा प्रश्न तोवर मिटलेला होता. १९७९ मध्ये इराणात क्रांती झाली आणि त्याच वर्षाच्या अखेरीस सोव्हिएत रणगाडे अफगाणिस्तानात शिरले. लंडनहून मोटारीने काबूलमार्गे धुळ्याला येण्याची वाट बंद झाली.

भारतीय मोटार-शर्यतींनी तोवर स्वतःची वाट धरली होती. १९८० मध्ये मुंबईच्या नझीर हुसेन यांनी हिमालयन रॅली सुरू केली. आता परदेशी चालक भारतातून नुसते पार होऊन जाणार नव्हते, भारतात शर्यत लढवायला येणार होते. भारतीय चालकांनाही कारखानी संघ आणि परदेशी गाड्या यांच्याशी आपल्याच घाटांत गाठ घालण्याची संधी मिळाली. वाडिया आणि त्यांच्या साथीदारांना ज्यासाठी अँबेसडर थेट लंडनला न्यावी लागली होती, ती लढत बारा वर्षांनी आपल्या मातीवर लढवता येऊ लागली.